उधळपट्टी कशाला म्हणायचं?

यावल, फैजपूर, सावदा या केळीच्या पट्ट्यात लग्नसराई संपली की एक प्रश्न ओट्याओट्यावर चघळला जातो. एका दिवसापायी इतके लाख घातले, ही उधळपट्टी नाही तर काय? ज्यानं खर्च केला त्याचंही उत्तर तयार असतं. एकुलती एक मुलगी, घरात हौस होती, आणि यंदा केळीला भाव होता. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं. मग हौस कुठं संपते आणि उधळपट्टी कुठून सुरू होते? पाच लाखांवर की दहा लाखांवर? आकड्यानं हे ठरत नाही. जो आकडा एका घरात किरकोळ, त्याच आकड्यापायी दुसऱ्या घरी शेत गहाण पडतं.

तेव्हा आधी शब्द पाहू. मग तो शब्द तोंडातून निघण्याआधी आपण मनातल्या मनात काय काय मोजतो ते पाहू. त्यानंतर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका चौकशीकडे वळू. त्या चौकशीत महाराष्ट्रातल्या अख्ख्या शेतकरीवर्गावर उधळपट्टीचा आरोप होता, आणि तो कागदपत्रं काढून तपासला गेला.

१. गुलाल, बैल आणि पैसा

आपण गुलाल उधळतो. जेजुरीला भंडारा उधळतो. ताशाच्या आवाजानं बुजून बैल उधळतो आणि वरातीतला घोडा उधळला तर नवरदेवाची धांदल उडते. सभा उधळली जाते, शत्रूचा डाव उधळला जातो. या सगळ्यांत एकच गोष्ट घडते: जे एका जागी, हातात किंवा दाव्याला होतं, ते सुटलं. आता ते गोळा करायचं म्हटलं तरी होणार नाही. उधळलेला गुलाल कोणी परत पुडीत भरत नाही.

पैशाला हेच क्रियापद लागतं तेव्हा नुसता पैसा गेला असं म्हणायचं नसतं, त्याच्यावरचा ताबा सुटला असं म्हणायचं असतं. दवाखान्यात तीन लाख गेले तर त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. तिथं पैसा 'लागतो'. शेतात ठिबकला, रोपांना, खताला पैसा 'घालतात'. बांधकामात 'ओततात'. हौसेमौजेवर 'उडवतात', पत्त्यांवर 'घालवतात' आणि व्यसनात 'फुंकतात'. खर्चाची ही क्रियापदं एकाखाली एक लिहून काढली तर दोष कसा पायरीपायरीनं चढत जातो ते दिसतं. 'लागला' म्हटलं की माणसाच्या माथी काहीच येत नाही. 'फुंकला' म्हटलं की सगळं येतं. 'उधळला' या दोहोंच्या मधे, पण फुंकण्याच्या बाजूला जास्त झुकलेलं.

हाताचंही तसंच. ज्याचा हात 'सढळ' तो देणारा, चार लोकांत नाव असलेला. ज्याचा हात 'सैल' त्याच्या हाती घरातले लोक तिजोरीची किल्ली देत नाहीत. खर्च दोघांचा सारखाही असू शकेल.

शेजारच्या शब्दांपासूनही उधळपट्टी वेगळी काढायला हवी. 'चैन' म्हणजे स्वतः सुख भोगणं. (हिंदीत याच शब्दाचा अर्थ स्वस्थता, आराम, मराठीत येता येता त्यानं बराच खर्च केलेला दिसतो.) 'चंगळ' म्हणजे भरपूर मिळाल्याचा आनंद, त्यात दोष असेलच असं नाही. मुलांची सुट्टीत आंब्यांची चंगळ होते. 'छानछोकी' ही कपड्यालत्त्याची. 'दौलतजादा' हा शब्द तमाशाच्या फडातला. खूश झालेला प्रेक्षक कलावंतिणीवर नोटा उधळतो आणि बदल्यात त्याची दौलत वाढो असा दुवा मिळतो. पैसा उधळताना तो वाढावा अशी शुभेच्छा घेणं, हा विरोधाभास आपल्या लोकांनी बिनदिक्कत पचवला आहे.

चैन करणारा निदान सुख तरी भोगतो. उधळपट्टी करणाऱ्याला ते मिळेलच असं नाही. लग्नात सगळ्यात कमी जेवलेला माणूस बहुधा मुलीचा बापच असतो.

आणि या शब्दाची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो चालू काळात स्वतःला कोणी लावत नाही. 'मी सध्या उधळपट्टी करतो आहे' असं वाक्य मराठीत ऐकू येत नाही. तो दुसऱ्याला लावायचा शब्द आहे. मुलाला बाप, सुनेला सासू, सरकारला विरोधी पक्ष आणि कुळाला सावकार. म्हणजे हा खर्चाचा प्रकार कमी आणि निकाल जास्त आहे. निकाल आला की तो देणारा कोण, हेही विचारावं लागतं.

२. पैसा कोणाचा?

पहिलं माप हेच. माणसानं स्वतःच्या कमाईचे फटाके उडवले तर लोक हसून सोडून देतात. वडिलोपार्जित शेत विकून उडवले तर बोलतात. हा फरक नुसता बोलण्यातला नाही, त्याला फार जुन्या कायद्याचा पाया आहे.

आपल्याकडे बापाचं कर्ज मुलानं फेडायचं, हे धर्मशास्त्रानं कर्तव्य मानलं. पण सगळंच कर्ज नाही. याज्ञवल्क्य स्मृतीनं काही कर्जं वगळली: दारूपायी केलेलं, स्त्रीलंपटपणापायी केलेलं, जुगारातलं, दंडाची किंवा शुल्काची राहिलेली बाकी, आणि 'वृथादान'. वृथादान म्हणजे फुकाचं देणं. या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, काळातला. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठी मुलखाला लागूनच. विज्ञानेश्वरानं वृथादानाचा अर्थ सांगताना धूर्त, स्तुती गाणारे भाट आणि मल्ल यांना दिलेलं धन असा दाखला दिला. म्हणजे वाहवा मिळवायला उधळलेला पैसा. असं कर्ज बापाचं असलं तरी मुलाच्या गळ्यात पडत नाही. या यादीत लग्न नाही, हे ध्यानात ठेवा.

इंग्रजी अमलात हीच गोष्ट न्यायालयांपुढे वेगळ्या वेशात आली. एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्यानं विकली किंवा गहाण टाकली तर बाकीच्यांवर ती बांधील कधी? 'कायदेशीर गरज' असेल तेव्हा, हे उत्तर ठरलं. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हनुमानप्रसाद पांडे खटल्यात सावकारावरही एक जबाबदारी टाकली: कर्ज देताना ही गरज खरी आहे का, याची प्रामाणिक चौकशी त्यानं केली पाहिजे. पुढच्या काळात घरातल्या मुलामुलींचं लग्न ही कायदेशीर गरज धरली गेली, पण त्याचा खर्च घराच्या ऐपतीला धरून असावा लागतो. जुगार गरजेत बसत नाही. म्हणजे हौस आणि उधळपट्टी यांच्यातली रेघ आपण ओट्यावर बसून आखतो, तीच न्यायाधीश साक्षीपुरावे घेऊन आखत होते. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल झाला. त्यानंतरच्या कर्जापोटी, केवळ धर्मकर्तव्य म्हणून, मुलावर दावा लावता येत नाही.

रोमन लोक याहून पुढं गेले होते. त्यांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात वडिलोपार्जित इस्टेट उडवणाऱ्याचा कारभार काढून घेऊन त्याच्यावर पालक नेमायची सोय होती. वेड्याच्या बाबतीतही असाच पालक नेमत.

३. कशाच्या मानानं?

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे सांगणाऱ्यानं अंथरूण दरवर्षी तेवढंच असतं असं धरलेलं दिसतं. नोकरदाराचं असतं. केळीवाल्याचं नसतं.

जून-जुलैत लावली तर मृगबाग, पावसाळा सरल्यावर लावली तर कांदेबाग. घड कापणीला यायला साधारण वर्ष, कधी त्याहून थोडं जास्त. एवढ्या काळात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, मे-जूनमधल्या वादळात उभी बाग आडवी होऊ शकते, मोझॅक रोगानं कोवळी रोपं उपटून फेकावी लागतात. आणि एवढं सगळं वाचवून घड तयार झाला की भाव पडलेला असू शकतो. म्हणून इथल्या माणसाला तुझं उत्पन्न किती असं विचारलं तर तो विचारतो, कोणत्या सालचं?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे सोपे, केवळ समजण्यापुरते घेतले आहेत. एका घराला बागेचा सगळा खर्च वजा जाता पहिल्या वर्षी ६ लाख सुटले. दुसऱ्या वर्षी वादळ झालं, १ लाखच हाती आला. तिसऱ्या वर्षी २ लाख. घरखर्च दरसाल दीड लाख.

पहिल्या वर्षी घरखर्च जाऊन हाती साडेचार लाख. लग्न ठरलं, ५ लाखांत झालं. पन्नास हजारच कमी पडले, ते 'शेकडा दोन'नं घेतले. शेकडा दोन म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपये, वर्षाला चोवीस टक्के. ऐकायला किती लहान वाटतं पाहा! वर्षाअखेर पन्नासाचे बासष्ट हजार झाले. त्याच वर्षी वादळ झाल्यामुळे घरखर्चालाही पन्नास हजार कमी पडले. कर्ज १ लाख १२ हजार. तिसऱ्या वर्षी त्यावर सुमारे २७ हजार व्याज चढलं, घरखर्च जाऊन वाचलेले पन्नास हजार त्यात भरले, तरी जवळपास ८९ हजार डोक्यावर राहिले.

हेच लग्न ३ लाखांत झालं असतं तर? पहिल्या वर्षी दीड लाख शिल्लक, दुसऱ्या वर्षी त्यातले पन्नास हजार खर्च, तिसऱ्या वर्षी पन्नास परत जमा. हातात दीड लाख. लग्नाच्या खर्चात फरक दोन लाखांचा, पण तीन वर्षांनंतर फरक २ लाख ३९ हजारांचा. वरचे एकोणचाळीस हजार निव्वळ व्याजाचे.

आता विचारा, पाच लाखांचं लग्न उधळपट्टी होती का? लग्नाच्या दिवशी पाहणाऱ्याला नव्हती, कारण त्या वर्षीची कमाई सहा लाख होती. तीन वर्षांनी पाहणाऱ्याला होती, कारण सरासरी कमाई तीनच लाख निघाली. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यानं १९५७ साली मांडलं की माणूस या वर्षीच्या पैशाकडे पाहून खर्च करत नाही, आपली दीर्घकाळची मिळकत किती याचा अंदाज बांधून करतो. अंदाज बरोबर निघाला तर शहाणपण, चुकला तर उधळपट्टी. आणि केळीच्या भावाचा अंदाज करून दाखवणारा अजून जन्मायचा आहे.

४. बदल्यात काय आलं?

गुलालाच्या उधळणीतून काही परत येत नाही. पण लग्नातल्या खर्चाचं खरंच तसं असतं का?

पहिली गोष्ट आहेराची वही. मांडवात एका टेबलाशी नात्यातला एखादा सुवाच्य अक्षराचा मुलगा बसतो आणि कोणी किती दिले ते नावानिशी लिहितो. ती वही पुढं वर्षानुवर्षं जपली जाते, कारण त्या प्रत्येक घरच्या लग्नात तेवढं, किंवा थोडं चढून, परत करायचं असतं. ही भिशीच आहे. फरक एवढाच की तिची पाळी चिठ्ठीनं लागत नाही, मुलं लग्नाची झाली की लागते. ज्यानं कोणाला काही दिलं नाही त्याच्या पाळीला वही रिकामी राहते.

दुसरी गोष्ट नावाची. अमेरिकी विचारवंत थॉर्स्टीन व्हेब्लेन यानं १८९९ साली 'दिखाऊ खर्च' ही कल्पना मांडली. श्रीमंती दिसत नाही, ती दाखवावी लागते, आणि दाखवायचा उपाय म्हणजे उघडपणे वाया घालवणं. त्याच्या डोळ्यापुढं तिथले नवश्रीमंत होते, पण ड्रोननं टिपलेली वरात पाहून त्याला नवल वाटलं नसतं. मात्र इथं मला व्हेब्लेन अपुरा वाटतो. गावात पत केवळ मिरवायला लागत नाही. खताच्या दुकानात उधारी मिळते, केळीचा व्यापारी आगाऊ रक्कम देतो, दुसऱ्या मुलीला स्थळ येतं, ते सगळं त्या पतीवर. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी कमी पडली ही बातमी त्या पतीला महाग पडते. डीजेचा आवाज कमी झाल्यानं ती पडते असं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासी जमातींत 'पोटलॅच' नावाचा सोहळा होता. यजमान पाहुण्यांना घोंगड्या, भांडी, धान्य वाटून मोकळा व्हायचा. सरकारला ही शुद्ध उधळपट्टी वाटली आणि १८८५ पासून कायद्यानं बंदी आली. ती १९५१ साली उठली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यानं आधीच दाखवून दिलं होतं की ती वाटणी म्हणजे त्या लोकांची गुंतवणूक आहे. आज दिलेलं उद्या वाढून परत येतं. आहेराची वही त्यांनी पाठ केलेली होती, एवढंच.

तिसरी गोष्ट सोनं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि बस्ता बांधून झाला की पावलं तिथल्या सराफ बाजाराकडे वळतात. लग्नाच्या खर्चात सोन्याचा वाटा मोठा असतो, पण मंडप आणि सोनं एकाच रकान्यात लिहिणं चूक आहे. मंडप संध्याकाळी उतरतो. सोनं मुलीबरोबर जातं आणि अडीनडीला मोडता येतं. घडणावळीचे आणि घटीचे पैसे तेवढे गेले. १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरटहून शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी केली. देशाचं परकीय चलन सोन्यात जातं ही त्यांची चिंता खरी होती. पण बायकांनी सोन्याला उधळपट्टी मानलंच नव्हतं, त्यामुळे मागणी आटली नाही. काम गेलं ते सोनारांचं. १९६८ ला त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९९० ला तो रद्द झाला. (दोन हजार वर्षांपूर्वी रोमनं हेच करून पाहिलं होतं. इसवी सनापूर्वी २१५ मध्ये, युद्धाच्या काळात, बाईनं अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगू नये असा कायदा केला. वीस वर्षांनी रोमच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि तो मागे घ्यावा लागला.)

शिवाय उधळलेला पैसा नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी पदरात पडतो. मंडपवाला, आचारी, बँडवाले, फुलवाला, भांडी घासणाऱ्या बाया. एकाची उधळपट्टी ही दुसऱ्याची सुगी असते. पण म्हणून उधळपट्टी गावाला बरी, असा निष्कर्ष काढू नये. शेकडा दोननं आणलेल्या पैशातून ही सुगी झाली असेल तर सगळ्यात मोठा वाटा सावकाराच्या पदरात पडलेला असतो, आणि त्याला मांडव उभारायचाही त्रास नसतो.

५. आरोपी: दख्खनचा शेतकरी

आता त्या चौकशीकडे येऊ.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशात त्याच सुमाराला आगगाडी आली आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून वर आली. त्या तेजीच्या आठवणींत बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याची गोष्ट वारंवार येते. खरी असो वा फुगवलेली, 'शेतकरी म्हणजे उधळ्या' हे चित्र तिनं पक्कं केलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. तेजीत सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली होती, आता ती वसुलीला निघाली.

त्यातच तीस वर्षांची जमीन-महसुलाची मुदत संपून नवी आकारणी सुरू झाली. १८६७ ला इंदापूर तालुक्यापासून सुरुवात झाली आणि सारा चांगलाच वाढला. भाव पडलेला, सारा चढलेला, सावकार दारात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांनी माणसं मारली नाहीत. त्यांनी कर्जरोखे मागितले आणि जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. खानदेशात दंगे झाले नाहीत, पण रोखे तिथंही तेच होते.

सरकारनं आयोग नेमला. त्याच्यासमोर एक उत्तर तयारच होतं, कारण कित्येक अधिकारी वर्षानुवर्षं तेच लिहीत आले होते: कुणबी लग्नात पैसा उधळतो, म्हणून कर्जात बुडतो. या उत्तराचं एक सोयीचं अंग असं की ते खरं ठरलं तर साऱ्याला हात लावायची गरज उरत नाही.

आयोगानं हे उत्तर पडताळलं आणि बऱ्याच अंशी फेटाळलं. लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तितकं महत्त्व दिलं गेलं आहे, असं त्याच्या अहवालात आहे. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानानं तो खर्च जास्त दिसतो हे खरं. पण लग्नं रोज होत नाहीत. अनेक वर्षांवर तो पसरून पाहिला तर त्या माणसानं आनंदासाठी तेवढा करणं वाजवीच ठरतं. कर्जाचा मूळ गाभा म्हणून लग्न क्वचितच सापडतं.

मग गाभा कुठं होता? इथं १८५९ चा मुदतीचा कायदा पाहायला हवा. रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर रोखा निकामी. कर्जदाराचं भलं व्हावं म्हणून केलेला हा नियम. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घेतला आणि थकलेलं व्याज मुद्दलात घातलं. समजा लग्नासाठी शंभर रुपये चोवीस टक्क्यांनी घेतले आणि मधे काहीच फेडता आलं नाही. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९ चा. आता कचेरीत बसलेला साहेब पाहतो की कुणब्यावर पाचशेचं कर्ज आहे. तो विचारतो, कशासाठी घेतलंस? कुणबी प्रामाणिकपणे सांगतो, पोरीच्या लग्नासाठी. साहेब वहीत लिहितो: विवाहापायी पाचशे रुपये. लग्नाला लागले होते शंभर. उरलेले चारशे नऊ कोणी उधळले?

१८७९ साली 'दख्खनचा शेतकरी मदत कायदा' झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो होता. त्याचं सगळ्यात मोलाचं कलम असं की न्यायाधीशानं हातातल्या शेवटच्या रोख्यावर थांबायचं नाही, व्यवहार पहिल्यापासून उलगडून मूळ रक्कम किती आणि व्याज किती ते शोधायचं. पुढं पंजाबात माल्कम डार्लिंग या अधिकाऱ्यानं १९२५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: कर्ज गरिबीत जितकं वाढतं तितकंच भरभराटीतही वाढतं, कारण जमिनीची किंमत चढली की सावकार अधिक द्यायला तयार होतो. भाव आलेल्या वर्षी केळीवाल्याच्या दारात कोणकोण चकरा मारतं ते पाहिलं की हे पटतं.

महात्मा फुल्यांनी याच काळात तोच खर्च दुसऱ्या टोकानं धरला. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत शेतकऱ्याकडून पैसा कसा काढला जातो याची लांबलचक यादीच आहे. पण त्यांचा रोख शेतकऱ्याच्या मूर्खपणावर नाही, घेणाऱ्यावर आहे, आणि शेतकऱ्याच्या घामावर ऐषआराम करणाऱ्या अंमलदारांवर आहे. विधींचा खर्च कापायचा तर विधीच बदलायला हवेत हे त्यांनी करून दाखवलं. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला भटाशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात लागलं. उपदेश न करता खर्चाचं खातंच बंद करण्याची ही रीत मला आयोगाच्या अहवालापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

६. फैजपूरचा मांडव

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपुरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. गांधीजींचा आग्रह होता की सगळं गावच्या सामानातून उभं करायचं, आणि त्यांनी त्यासाठी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना बोलावलं. बोसांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून दारं, कमानी, सगळी सजावट केली. सोहळा मोठाच होता. दूरदूरहून लोक लोटले होते. थाटमाट हवा, पण तो शहरातून भाड्यानं आणायचा नाही, असा तो बेत.

त्या मांडवात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर जो ठराव झाला तो फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम म्हणून ओळखला जातो. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या लहान शेतांना त्यातून सूट द्या, कर्जाचा बोजा छाटा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या, अशा त्यातल्या मागण्या. दख्खनच्या आयोगानं जी कारणं साठ वर्षांपूर्वी मोजली होती त्यांच्यावरच हा घाव होता. तीन वर्षांत, १९३९ ला, मुंबई प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. मग १९४६ ला सावकारांवर परवान्याचं बंधन आलं. आज त्या जागी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय शेकडा दोननं किंवा तीननं पैसे देणं त्यात गुन्हा आहे, आणि अशा सावकारानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्जामागे कोणता कागद हवा हे मला विचारलं तर उत्तर १८७९ सारखंच आहे: पहिला रोखा, म्हणजे मूळ रक्कम किती होती त्याचा कागद. लग्नाचा अल्बम सगळ्यांकडे असतो. हा कागद फार थोड्या घरांत जपून ठेवलेला सापडतो.